प्रेशर वाढवणारी दुर्मिळ गाठ आणि मेटानेफ्रिनची तपासणी : रक्त देण्याआधीपासून रिपोर्टनंतरपर्यंत

या तपासणीसाठी लॅबमध्ये गेलात आणि काउंटरवरच्या ताईने "बसा, हात पुढे करा" म्हटलं, तर बसू नका. पलंग मागा.

मी फोंड्यात बावीस वर्षं रक्त काढते आहे. साखर, थायरॉईड, पावसाळ्यात डेंगी, यातच दिवस संपतो. प्लाझ्मा मेटानेफ्रिनची चिठ्ठी वर्षाला चार-पाच वेळा येते. क्वचित येते म्हणूनच तिच्यात चुका होतात. माझ्या हातूनही झाली. बांदोड्याच्या एक शिक्षिका भर दुपारी बसमधून उतरून, दोन जिने चढून आल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा बांधला, रक्त काढलं, गर्दी होती. रिपोर्टमध्ये नॉरमेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या दीडपट. घरात ‘ट्यूमर’ हा शब्द शिरला, लेकीचा साखरपुडा पुढे गेला, सीटी स्कॅनची तारीख मिळाली. तीन आठवड्यांनी तज्ज्ञ डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "रक्त बसून दिलंत की झोपून?" बाई पुन्हा आल्या, अर्धा तास आडव्या पडल्या, मग रक्त दिलं. आकडा मर्यादेच्या आत. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांना बसवलं, एवढंच.

म्हणून हा लेख लिहिते आहे. या तपासणीत यंत्राइतकाच, कधी त्याहून जास्त, फरक पडतो तो रक्त देणारा माणूस कसा आला, काय खाऊन-पिऊन आला आणि कसा पडून राहिला याने. आणि हे बरंचसं तुमच्या हातात असतं. औषधांचे निर्णय मात्र डॉक्टरांचेच. ते मी ठिकठिकाणी सांगेनच.

गाठ कुठली आणि रक्तात शोधायचं काय

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते. तिच्या गाभ्यातल्या पेशी ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन बनवतात. त्या पेशींची गाठ झाली की तिला फिओक्रोमोसायटोमा म्हणतात. त्याच जातीच्या पेशी पोटात पाठीच्या कण्याच्या कडेने, मूत्राशयात, छातीत आणि मानेतही असतात. तिथे झालेल्या गाठीला पॅरागँग्लिओमा म्हणतात. डॉक्टर लोक पहिल्या नावाचा तुकडा पाडून ‘फिओ’ एवढंच म्हणतात, मीही तसंच लिहिते.

फिओ रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतो तो लहरीप्रमाणे. आज सकाळी दोनदा, मग आठवडाभर काही नाही. शिवाय सोडलेलं ॲड्रिनॅलिन एक-दोन मिनिटांत निम्मं होतं. म्हणजे झटका येऊन गेल्यावर रक्त काढून ॲड्रिनॅलिन मोजणं म्हणजे बस सुटल्यावर स्टँडवर पोचणं.

पण गाठीच्या पेशीत जे ॲड्रिनॅलिन साठवलेलं असतं ते कप्प्यांतून सतत थोडं थोडं झिरपत असतं. झिरपलेल्या ॲड्रिनॅलिनचं तिथेच, पेशीच्या आतच, कॉम्ट नावाचं एन्झाइम मेटानेफ्रिन बनवतं, आणि नॉरॲड्रिनॅलिनचं नॉरमेटानेफ्रिन. हे दोन पदार्थ झटका असो वा नसो, दिवसरात्र रक्तात येत राहतात. काजूच्या हंगामात भट्टी पेटलेली नसली तरी हुर्राकाचा वास अख्ख्या वाड्याला येतो, तसं. तिसरा पदार्थ डोपामिनपासून होतो, त्याचं नाव थ्री-मेथॉक्सीटायरामिन.

ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी हे एन्झाइम १९५७ च्या सुमारास शोधलं आणि १९७० साली त्यांना नोबेल मिळालं. पण रक्तातलं मेटानेफ्रिन ही पहिल्या पसंतीची तपासणी व्हायला एकविसावं शतक उजाडलं. त्याआधी लघवीतल्या व्हीएमएवर, म्हणजे ॲड्रिनॅलिन मोडून शेवटी उरणाऱ्या पदार्थावर, भिस्त असायची. जुन्या फायलींत तेच दिसतं.

ही तपासणी कुणी करायची

प्रत्येक प्रेशरवाल्याने नव्हे. उच्च रक्तदाबाच्या हजार रुग्णांत फिओ असलेले साधारण दोन ते सहा निघतात. समजा, तपासणीने शंभर निरोग्यांपैकी दहांना उगाच ‘जास्त’ ठरवलं, तर हजारांत शंभरेक माणसं विनाकारण घाबरतील आणि खरे रुग्ण असतील चार. सरसकट ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये ही तपासणी घुसवणं मला म्हणूनच पटत नाही.

मग कुणी? ज्यांना झटके येतात त्यांनी. एकाएकी डोकं ठणकायला लागतं, छातीत धडधडतं, घामाने कपडे भिजतात, आणि काही मिनिटांत किंवा तासाभरात सगळं ओसरतं. मे महिन्यात गोव्यात घाम न येणारा माणूस दाखवा, म्हणाल तुम्ही. खरं आहे. पण डिसेंबरच्या पहाटे पंख्याविना घाम फुटला आणि चेहरा पांढराफटक पडला, तर ती वेगळी गोष्ट. पाळी जाताना येणाऱ्या उष्ण लहरींत चेहरा बहुधा लाल होतो, फिओत फिकट पडतो. हा फरक घरच्या माणसांनाच आधी दिसतो.

वाळपईकडचा एक चौतिशीचा तरुण आमच्याकडे आला होता. कुळागरात वाकून सुपाऱ्या वेचायला लागला की डोकं फुटायला यायचं, तोंडावरचा रंग उडायचा. आईने तीनदा मीठ-मिरच्या ओवाळून दिष्ट काढली होती. एकाने पित्त म्हटलं, एकाने टेन्शन. आरोग्य केंद्रातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तिथेच खोलीत वाकायला लावलं आणि प्रेशर मोजलं. उभा असताना १४०, वाकून उठल्यावर २१०. पोट दाबलं जाण्याने, काहींना लघवी करताना, काहींना उलटी थांबवायच्या मेटोक्लोप्रामाइडच्या इंजेक्शनने असा झटका येतो.

याशिवाय तीन औषधं, त्यात एक लघवीची गोळी, पूर्ण मात्रेत घेऊनही प्रेशर हटत नाही ते. अगदी तरुण वयात प्रेशर सुरू झालेले. भूल देताना किंवा धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर सुरू केल्यावर ज्यांचं प्रेशर उलट भडकलं ते. घरात कुणाला ही गाठ किंवा थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर झालेला असेल ते. आणि पोटाचा सीटी भलत्याच कारणाने काढला आणि ॲड्रिनलवर अचानक गाठ दिसली ते. अशा गाठींत फिओ थोड्याच असतात. साध्या सीटीत गाठीची घनता दहा हाउन्सफील्ड युनिटपेक्षा कमी, म्हणजे चरबीने भरलेली असेल, तर मेटानेफ्रिनची गरज बहुधा पडत नाही. हे डॉक्टर रिपोर्टवरून सांगतील.

अशा गाठीत सुई घालून तुकडा काढायचा कुणी सुचवला, तर आधी मेटानेफ्रिन झालं आहे का, हे विचाराच. फिओला सुई टोचणं जिवावर बेतू शकतं.

चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय

इथेच पहिला घोळ होतो. ‘प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन’ ही रक्ताची तपासणी. त्यात मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन वेगवेगळे आले पाहिजेत, थ्री-मेथॉक्सीटायरामिनही मिळालं तर उत्तम. ‘२४ तासांच्या लघवीतलं फ्रॅक्शनेटेड मेटानेफ्रिन’ ही लघवीची. या दोन्हींपैकी कुठलीही पहिली म्हणून चालते. फ्रॅक्शनेटेड म्हणजे घटक सुटे करून मोजलेले, एकत्र बेरीज नव्हे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या किंवा डायलिसिसवरच्या माणसासाठी रक्ताचीच बरी.

लघवीतलं व्हीएमए नुसतं आलं आणि नॉर्मल निघालं, तर ‘फिओ नाही’ असं समजू नका. ते बरेच रुग्ण चुकवतं. क्रोमोग्रॅनिन ए ही आणखी एक तपासणी चिठ्ठीवर दिसते. ती मूत्रपिंड बिघडलं तर वाढते, आणि ॲसिडिटीच्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्यांनीही वाढते. आता सकाळी उपाशीपोटी ‘पॅन’ न घेणारा माणूस गोव्यात शोधून काढायचा म्हणजे कठीण काम. एकटं क्रोमोग्रॅनिन वाढलेलं पाहून रात्रभर जागू नका.

पद्धत कुठली वापरतात, हेही विचारा. रिपोर्टच्या कोपऱ्यात ‘एलसी-एमएस/एमएस’ असेल तर उत्तम. एलायझा पद्धत चालते पण तितकी भरवशाची नाही. आमच्या केंद्रातून हा नमुना गोठवून मुंबईला जातो. रिपोर्ट यायला आठवडा लागला तर त्यातून अशुभ अर्थ काढू नका. असले नमुने साठवून एकदम लावतात.

पंधरा दिवस आधी : गोळ्यांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या, थेंब, सिरप एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. ‘प्रेशरची एकच गोळी’ असं सांगणाऱ्या काकांच्या पिशवीतून मी सात पाकिटं निघालेली पाहिली आहेत.

सगळ्यांत जास्त घोळ घालतात त्या ॲमिट्रिप्टिलिनसारख्या गोळ्या. या उदासीनतेसाठीच असतात असं नाही, मायग्रेनला, मधुमेहातल्या पायांच्या जळजळीला, झोपेलाही देतात. रुग्णाला वाटतं ती ‘नसांची गोळी’ आहे. वेनलाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन याही नॉरमेटानेफ्रिन वाढवतात. फिनॉक्सिबेन्झामिन ही प्रेशरची गोळीही. पार्किन्सनच्या लेव्होडोपाने थ्री-मेथॉक्सीटायरामिन भरमसाट वाढतं. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलेफ्रिन, नाक मोकळं करणारे थेंब, दम्याची काही औषधं यांचाही परिणाम होतो. पॅरासिटामॉल जुन्या पद्धतीच्या यंत्रात आकडा बिघडवतं, एलसी-एमएस/एमएसमध्ये नाही. म्हणूनच पद्धत विचारा म्हटलं.

यातल्या कुठल्या बंद करायच्या, किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. मनाच्या आजाराची गोळी आपल्या आपण बंद करू नका. ती बंद करता येत नसेल तर गोळी चालू ठेवूनही तपासणी करतात. आकडा मर्यादेत आला तर प्रश्न मिटलाच, वाढला तर पुढचं पाहता येतं. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन अशा नेहमीच्या प्रेशरच्या गोळ्या सहसा आड येत नाहीत.

मोठं आजारपण, ऑपरेशन, हार्ट ॲटॅक असं काही चालू असेल तेव्हाही हे आकडे वाढतात. इस्पितळात आयसीयूत पडलेल्या माणसाचं मेटानेफ्रिन वाढलेलं निघालं तर त्याचा अर्थ लावणं अवघड जातं. जमलं तर बरं होऊन घरी गेल्यावर करावं.

तपासणीचा दिवस

सकाळची वेळ घ्या. आदल्या रात्रीपासून उपाशी राहा, साधं पाणी चालेल. उपास खरं तर थ्री-मेथॉक्सीटायरामिनसाठी लागतो, पण सगळ्यांनी पाळला तर गोंधळ नको. चहा, कॉफी, विडी-सिगारेट, तंबाखू, दारू आदल्या संध्याकाळपासून बंद. केळी आणि काजू-अक्रोड आदल्या दिवशी टाळलेले बरे. जत्रेतून किंवा चवथीच्या फुगड्यांतून जागरण करून थेट लॅबमध्ये येऊ नका. व्यायाम, जिममधले डंबेल, सकाळचा फेरफटका त्या दिवशी नको.

लॅबला आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा. पलंग आहे का? बर्फ आणि सेंट्रीफ्यूज तिथेच आहे का? नमुना त्याच दिवशी गोठवला जातो का? तिन्हींना ‘हो’ म्हणतील तिथेच जा. घरी येऊन रक्त घेऊन स्कूटरवरून नेणाऱ्या सेवेकडून ही तपासणी करून घेऊ नका, भले दहा टक्के सूट असेना.

लॅबमध्ये पोचल्यावर आधी लघवीला जाऊन या. मग आडवे व्हा. नस सापडणं कठीण असेल तर आडवे झाल्याबरोबर हातात छोटी सुई, म्हणजे कॅन्युला, बसवून ठेवायची आणि मग विश्रांती घ्यायची, म्हणजे ऐन वेळी टोचल्याचा ताण नाही. निदान वीस मिनिटं, शक्यतो तीस. मोबाइल बाजूला. त्या वीस मिनिटांत व्हॉट्सॲपवर कुणाशी वाद घातलात तर पडून राहण्याला अर्थ नाही. आणि चादर घ्या. उभं राहिलं की किंवा बसलं की आपल्या नसा नॉरॲड्रिनॅलिन सोडतात, म्हणजे प्रेशर टिकतं. थंडी वाजली तरी तेच. आमच्या केंद्रात एसी अठरावर असतो आणि पलंग बरोबर त्याच्याखाली. मी आता एसी बंद करते, मालकाला आवडत नाही तरी.

वेळ झाली की पडल्या पडल्याच रक्त घ्यायचं. उठून खुर्चीत आणून नव्हे. असंही झालेलं मी पाहिलं आहे : अर्धा तास झोपवलं आणि मग सुई टोचायला काउंटरवर बोलावलं.

बर्फात काय, बाहेर काय

रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतात. नळी लगेच बर्फात, मग थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा काढून गोठवायचा. रक्त बाहेर गरमीत तसंच राहिलं तर आकडे बदलतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये टेबलावर ठेवलेली नळी म्हणजे कोमट पेज.

प्रेशर वाढवणाऱ्या इतर गाठींच्या तपासण्या याच चिठ्ठीवर एकत्र येतात तेव्हा मजा होते. ॲड्रिनलच्या बाहेरच्या थरातली गाठ अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन जास्त बनवते, तिला कॉन सिंड्रोम म्हणतात, आणि ती फिओइतकी दुर्मिळही नाही. तिच्यासाठी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचं गुणोत्तर पाहतात. त्या तपासणीचे नियम नेमके उलटे. सकाळी उठून किमान दोन तास हिंडून-फिरून झालेलं असावं, मग पाच ते पंधरा मिनिटं बसून रक्त द्यायचं. आणि ती नळी बर्फात ठेवायची नाही, कारण थंडीत निष्क्रिय रेनिन सक्रिय होतं आणि आकडा खोटा वाढतो. एकाच माणसाच्या दोन जांभळ्या नळ्या, एक बर्फात, एक बाहेर. दोन्ही एकाच थर्मासमध्ये कोंबणारा मुलगा नवा असेल तर त्याला दोष नाही, कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून दोन्ही तपासण्या असतील तर आधी पडून मेटानेफ्रिन द्या, मग दोन तास बाहेर फिरून या आणि बसून दुसरी द्या. स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर अल्डोस्टेरॉनची तपासणी साधारण चार आठवडे लांबवतात, तेही डॉक्टरांना विचारून.

कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार. त्यासाठी रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची गोळी घेऊन सकाळी आठ-नऊला कॉर्टिसोलसाठी रक्त देतात. गोळी घ्यायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी खरं सांगा.

२४ तासांची लघवी

हिचे नियम सोपे पण लोक पहिल्याच पायरीला चुकतात. समजा, रविवारी सकाळी सातला सुरुवात. ती सातची लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, सोमवारी सकाळी सातची धरून. शौचाला गेल्यावर होणारीही. एक चुकली तरी पहिल्यापासून.

लॅब डबा देते त्यात तळाला ॲसिड असतं. ते पाणी समजून ओतू नका, डबा विसळू नका. थेट डब्यात लघवी न करता आधी मगात घेऊन मग हळूच ओता, शिंतोडा उडाला तर भाजतं. पोरांच्या हाताला लागणार नाही असा, पण थंड जागी, जमल्यास फ्रिजच्या खालच्या खणात पिशवीत गुंडाळून ठेवा. सासूबाईंना आधी सांगा, नाहीतर त्या रागाने बाहेर काढून उन्हात ठेवतील. हसू नका, सावर्ड्याला घडलेलं आहे. डॉक्टरांनी लघवीतलं क्रिएटिनिनही लावायला सांगितलेलं असतं, कारण त्यावरून पूर्ण लघवी गोळा झाली की नाही ते कळतं.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी एकक पाहा. काही लॅब पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर देतात, काही नॅनोमोल प्रति लिटर. मेटानेफ्रिनसाठी एक नॅनोमोल म्हणजे सुमारे १९७ पिकोग्रॅम, नॉरमेटानेफ्रिनसाठी सुमारे १८३. दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं’ म्हणण्याआधी हे करा. समजा, एका रिपोर्टात नॉरमेटानेफ्रिन २४० पिकोग्रॅम आहे, तर तेच दुसऱ्या भाषेत १.३ नॅनोमोल. आकडा फुगला नाही, माप बदललं.

मग त्याच रिपोर्टवर छापलेली वरची मर्यादा पाहा आणि आपला आकडा तिच्या किती पट आहे ते काढा. वय वाढतं तसं नॉरमेटानेफ्रिन नैसर्गिकपणेच वाढतं, म्हणून चांगल्या लॅब वयाप्रमाणे मर्यादा देतात. पासष्टीच्या आजोबांना तिशीच्या मापाने मोजू नये.

तिन्ही मर्यादेत आणि रक्त नीट पडून दिलेलं असेल तर फिओ असण्याची शक्यता फारच कमी. अगदी चिमुकली गाठ किंवा मानेतली काही पॅरागँग्लिओमा रसायनं फारशी बनवत नाहीत, ती अपवाद.

मर्यादेच्या तीन-चार पट किंवा त्याहून वर, किंवा मेटानेफ्रिन आणि नॉरमेटानेफ्रिन दोन्ही वाढलेले, तर गाठ असण्याची शक्यता दाट.

मधलं क्षेत्र हेच खरं डोकेदुखीचं. दीडपट, पावणेदोन पट. बहुतेक चिंताग्रस्त फोन मला याच आकड्यांवरून येतात आणि बहुतेक वेळा कारण असतं बसून दिलेलं रक्त, एखादी गोळी, किंवा थंडी. इथे थेट स्कॅनकडे पळू नका. पुन्हा, नीट, पडून रक्त द्या. तरीही शंका राहिली तर इस्पितळात क्लोनिडिनची चाचणी करतात. गोळीआधी आणि तीन तासांनी रक्त घेतात. निरोगी माणसाचं नॉरमेटानेफ्रिन उतरतं, फिओत ते वरच राहतं आणि ४० टक्क्यांपर्यंतही उतरत नाही. या गोळीने प्रेशर एकदम खाली येऊ शकतं, म्हणून ती घरी नाही.

आकड्यांच्या जोडीवरून डॉक्टरांना आणखी काही सुचतं. मेटानेफ्रिन वाढलेलं असेल तर गाठ बहुधा ॲड्रिनलमध्येच, कारण नॉरॲड्रिनॅलिनचं ॲड्रिनॅलिन करणारं एन्झाइम तिथल्या कॉर्टिसोलच्या शेजारी पोसलं जातं. फक्त नॉरमेटानेफ्रिन वाढलं तर गाठ ॲड्रिनलमध्ये असेल किंवा बाहेर. थ्री-मेथॉक्सीटायरामिन वाढलं असेल तर डॉक्टर जास्त सावध होतात, पसरलेल्या गाठींत ते वाढलेलं सापडतं.

गाठ आहे असं ठरल्यावर

रक्त आधी, फोटो नंतर. रक्तात पुरावा मिळाला की पोट आणि ओटीपोटाचा सीटी, कारण बहुसंख्य गाठी तिथेच असतात. गरोदर बाई किंवा मूल असेल तर एमआरआय. पसरली आहे का ते पाहायला गॅलियम डोटाटेट पेटसारखा स्कॅन लागू शकतो.

आमच्याकडे वाट सहसा अशी असते : आरोग्य केंद्र, मग म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, जुनी माणसं अजून आझिलो आणि हॉस्पिसियोच म्हणतात, आणि मग बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. सोबत मूळ रिपोर्ट न्या, फोनमधला फोटो नव्हे. रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवा : पडून दिलं, किती मिनिटं, कुठल्या गोळ्या चालू होत्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं कवच होतं. कार्ड चालू आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे तारीख मिळण्याआधी इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या.

ऑपरेशनआधी किमान सात ते चौदा दिवस अल्फा-ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या देतात, प्राझोसिन, डॉक्साझोसिन किंवा फिनॉक्सिबेन्झामिन. धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर लागला तर तो अल्फा नीट बसल्यावर, तीन-चार दिवसांनी. क्रम उलटा झाला तर रक्तवाहिन्या रुंद करणारा मार्ग बंद होतो, आवळणारा मोकळा राहतो आणि प्रेशर छप्पर फाडून वर जातं. दुसऱ्या कुणी डॉक्टरने धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल लिहून दिलं तर त्यांना गाठीबद्दल आधी सांगा. गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैल झाल्यावर शरीरात पाणी कमी पडतं, म्हणून पाणी आणि मीठ वाढवायला सांगतात. वाळपईच्या त्या तरुणाला इतकी वर्षं खारं खाऊ नको म्हणणारी आईच आता पेजेबरोबर लोणचं वाढत होती आणि तिला ते पटत नव्हतं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर हा सल्ला बदलतो, म्हणून आपल्या मनाने मीठ वाढवू नका.

या काळात झटका आला, छातीत दुखलं, दम लागला किंवा प्रेशर १८० च्या वर जाऊन डोकं फुटू लागलं तर १०८.

ऑपरेशन बहुतेकदा दुर्बिणीने होतं. गाठ निघाली की प्रेशर आणि साखर दोन्ही खाली येऊ शकतात, म्हणून पहिला दिवस-दोन दिवस बारीक नजर ठेवतात.

नंतरची वर्षं

ऑपरेशननंतर दोन ते सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन पुन्हा. ते खाली आलं नाही तर काहीतरी उरलं आहे. मग दरवर्षी, किमान दहा वर्षं, आणि आनुवंशिक दोष असेल तर जन्मभर. शक्य तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने.

या गाठींपैकी निदान तिसरा हिस्सा जनुकांतून आलेला असतो, म्हणून प्रत्येक रुग्णाने जनुकीय तपासणीचा विचार करावा असं आता सांगतात. १८८६ साली जर्मनीत फ्रायबुर्गला फेलिक्स फ्रेंकेल या डॉक्टरांनी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या दोन्ही ॲड्रिनलमधल्या गाठी वर्णन केल्या. तिच्या घराण्यातल्या आजच्या नातेवाइकांत आरईटी जनुकातला दोष सापडला तो २००७ मध्ये, एकशेएकवीस वर्षांनी. याशिवाय व्हीएचएल, एनएफ१, एसडीएचबी, एसडीएचडी अशी नावं रिपोर्टमध्ये दिसतील. एसडीएचबी असेल तर पाठपुरावा कडक हवा, गाठ पसरण्याचा धोका जास्त. एसडीएचडीचा दोष वडिलांकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर सहसा नाही, पण पुढच्या पिढीत जाऊ शकतो. घराण्याची यादी करताना म्हणून वडिलांच्या बाजूचे चुलते-आत्या विसरू नका. कोण चाळिशीत ‘एकाएकी’ गेलं, कुणाला भूल देताना त्रास झाला, तेही लिहा.

वाळपईच्या तरुणाच्या जनुकात दोष निघाला. तो दरवर्षी चवथीआधी येतो, पलंगावर पडतो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहतो. मागच्या खेपेला मी पंधराव्या मिनिटाला ट्रे घेऊन गेले तर म्हणाला, "बाय, अजून पाच मिनिटं आहेत."

येत्या सोमवारी त्याची बहीण यायची आहे, पहिल्यांदाच. तिला फोनवर चादर आणायला सांगितली आहे, आणि सर्दीची गोळी घेतली असेल तर यायचंच नाही म्हणून.